कडा कापलेला पाव

पाळकसाहेबांनी उपदेशात पुन्हा कुलूपवाल्याच्या दाराचं उदाहरण दिलं, तेव्हा तो पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. बायको शेजारी होती.

ज्याचा धंदा कुलपांचा त्याच्याच घराला कुलूप नाही, पाळकसाहेब म्हणाले. कडीसुद्धा नाही. गेलेला मुलगा परत आला तर त्याला दार ठोठावावं लागू नये म्हणून. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप आपल्याच गल्लीत राहतो. मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले.

कडी काढायची कल्पना खरं तर बायकोची. मुलाने बापाच्याच हत्यारांनी शेजाऱ्यांचं कपाट उघडलं होतं आणि दागिने घेऊन तो पळाला होता. त्यानंतर लोक कुलूपवाल्याला चावी दाखवायलाही कचरू लागले. ओळखीची माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जात. मग कडी निघाली, ते पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, आणि त्या उपदेशानंतर गिऱ्हाइकं एकेक करून परत आली. पोटच्या पोराला माफ करून दार उघडं ठेवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

बायकोला घरातल्या कुठल्याही गोष्टीत देवाचा धडा दिसायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती तो सांगायची. हरवलेली सुई सापडली तर त्यात, दूध उतू गेलं तर त्यातही. मुलगी तिची फिरकी घ्यायची. आज माझी भाजी करपली, त्यात कुठला धडा, असं तिने एकदा विचारलं. आई म्हणाली, "भाजी गॅसवर असताना फोनवर बोलू नये, हा."

महिन्यातून एकदा कुलूपवाला शहराबाहेरच्या गोदामांची कुलपं तपासायला जायचा. एकदा त्याचा डबा चाटूनपुसून रिकामा आला. एरवी तो अर्धा तरी परत आणायचा, म्हणून बायकोने विचारलं. तिथला म्हातारा रखवालदार जेवला, त्याने सांगितलं. बिचाऱ्याला कुणी नाही.

पुढच्या खेपेपासून ती दोन डबे देऊ लागली. म्हाताऱ्याला दात नसतील म्हणून पावाच्या कडा कापायची. त्या संध्याकाळी धडा त्या डब्याचाच होता. आपण परक्याच्या पानात वाढलं की देव कुणाकडून तरी आपल्या पोराच्या पानात वाढवतो, ती म्हणाली. कुलूपवाला डोळे मिटून बसला होता.

थंडी सुरू झाल्यावर तिने म्हाताऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. माप विचारलं तर कुलूपवाला लगेच म्हणाला, "खांद्यात माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. बाह्या लांब ठेव."

"म्हातारा भलताच दणकट दिसतोय," ती हसली.

तो कुलपात तेल सोडत राहिला.

स्वेटर झाला आणि तिने अंथरूण धरलं. पलंग बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावायला सांगितला. बिजागरी कुरकुरायची. तो तेलाची बाटली घेऊन आला तर तिने थांबवलं. वाजू दे, म्हणाली, झोप लागली असली तरी कळेल. वाऱ्यानेही दार वाजलं की ती उशीवरून मान उचलायची.

डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. ती स्वयंपाकघरात बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, त्याला शोधा ना. कुठूनही आणा."

"कुठे शोधू?"

"कुणाला तरी विचारा. एकदा तोंड बघू दे तिला."

"देवाच्या मनात असेल तेव्हा येईल," कुलूपवाला म्हणाला.

पाळकसाहेब भेटायला आले. मुलगा आला की आधी मला कळवा, सगळी मंडळी तुमच्या दारात उभी करतो, ते म्हणाले. शेजारीसुद्धा येतील का, असं कुलूपवाल्याने विचारलं. येणारच की, पाळकसाहेब म्हणाले, कपाट तर त्यांचंच होतं. चहा गार झाला होता, कुलूपवाला दुसरा करायला उठला.

शेवटच्या दिवशी तिला बोलताना धाप लागत होती.

"अहो, आला का?"

"येईल."

"आला की काही विचारू नका. आधी जेवायला घाला."

तिने दाराकडे तोंड केलं. तिचा हात त्याच्या हातात होता. तो गार पडला तरी त्याने बराच वेळ सोडला नाही.

दफनाला सगळी मंडळी आली. ही माउली दार उघडं ठेवून गेली, पाळकसाहेब कबरीपाशी म्हणाले. परतताना शेजाऱ्यांनी कुलूपवाल्याला जवळ घेतलं. तुमच्यासारखा बाप पाहिला नाही, ते म्हणाले. तो तेव्हा लहान मुलासारखा रडला.

मग गोदामांचा दिवस आला. मुलीने सवयीने दोन डबे भरले आणि आईसारख्याच पावाच्या कडा कापल्या. डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता भाजीत मीठ घालायचं राहिलं.

दुपारी रखवालदाराने स्वेटरच्या लांब बाह्या वर सारल्या आणि डबा उघडला. त्याचे सगळे दात शाबूत होते.

"लहानपणी मी कडा टाकून द्यायचो, ते ताईने अजून लक्षात ठेवलंय," तो म्हणाला. "आईच्या चोरून किती करते माझं. आज मीठ तेवढं विसरली."

कुलूपवाला पुढ्यातला पाव कुस्करत बसला.

रखवालदाराने डबा पुसून खाल्ला, झाकण लावलं, आणि दर खेपेला विचारायचा तेच विचारलं.

"बाबा, आईचा राग गेला का? येऊ आता घरी?"

"अजून नाही," कुलूपवाला म्हणाला.