राहू द्या

“मी वाचूनच दाबलं हो,” सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने त्यांचा फोन वायर लावून आपल्या कॉम्प्युटरला जोडला होता. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकणारा माणूस तो. पडद्यावरची नजरही न काढता म्हणाला, “आजी, सगळे हेच म्हणतात. गेली ती रेकॉर्डिंगं. आता परत यायची नाहीत.”

रेकॉर्डिंगं सासऱ्यांची होती. पक्षाघाताने वाचा जाण्याआधी ते बाहेर पडले की घडीघडी सासूबाईंना फोन करत. दूध तापवलंस का, किल्ली कुठे ठेवलीस, खिडकी लावलीस का. नुसती कटकट. फोन आपोआप ते बोलणं साठवत गेला, आणि आता तीच कटकट सोन्याच्या मोलाची झाली होती. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा. सासूबाई रोज संध्याकाळी फोन त्यांच्या कानाशी धरून बसत. गेल्या आठवड्यात त्या आवाजाबरोबर ते ‘किल्ली’ म्हणाले. अर्धंमुर्धं का होईना, पण म्हणाले. घरातले सगळे एकमेकांकडे बघून रडले होते.

“नव्या अपडेटनंतर फोननं विचारलं,” सासूबाई सांगू लागल्या. “जागा भरत आलीय, जुनी रेकॉर्डिंगं काढून टाकायची का? खाली लिहिलं होतं, राहू द्या. मी तेच दाबलं.”

“तेच दाबलं असतं तर राहिली नसती का?” तो हसला. “थांबा, एकदा दुसऱ्या प्रोग्रॅमनं बघतो.” फोनमधलं सगळं त्याने आधीच उतरवून घेतलं होतं; वायर काढून तो आतल्या कॉम्प्युटरकडे गेला.

फोन काउंटरवर राहिला. सोबत आलेल्या सुनेने तो उचलला. दुकानात शिरताच सासूबाईंनी त्या माणसाला ऐकवलं होतं, “यातली मराठी आहे ना, ती आमच्या सुनेनं केलीय. फोनच्या कंपनीला तीच करून देते.” तेव्हा ती नको नको म्हणत लाजली होती, आणि मनातून सुखावलीही होती.

तिने दुकानातला गोंगाट क्षणभर रेकॉर्ड केला आणि तो पुसायला घेतला. पडद्यावर प्रश्न आला: काढून टाकायचं का? खाली दोन बटणं. ‘राहू द्या’ आणि ‘नंतर विचारा’.

दोन्ही निरुपद्रवी. ‘काढून टाका’ कुठेच नव्हतं.

चूक कुठे झाली ते तिला कळलं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, अशा लांबलचक तक्त्यात ती काम करायची. काम पाठवायच्या दिवशी दोनदा आलेली एक मराठी ओळ तिने उडवली होती. तिच्या खालची सगळी मराठी एकेक घर वर सरकली, इंग्रजी जागच्या जागी राहिली. प्रश्न त्या ओळीच्या वर होते, ते बरोबर राहिले; पण पुसायच्या बटणावर ‘राहू द्या’ जाऊन बसलं. प्रत्यक्ष फोनवर लावून पाहिलं तर पहिल्या फटक्यात दिसलं असतं. कंपनीने तसं विचारलंही होतं: फोनवर तपासलं का? तिने न तपासताच ‘हो’वर खूण केली होती. मुदत संपत आली होती आणि आजवर कधी काही बिघडलं नव्हतं.

तिने ‘राहू द्या’ दाबलं. गोंगाट पुसला गेला.

दुरुस्तीवाला परत आला. “नाही हो, काहीच नाही मिळत.” मग त्याला एकदम आठवलं. “ताई, तुम्हीच ना या कामातल्या? मग सांगा की आजींना. ‘राहू द्या’ दाबल्यावर पुसलं जाईल का कधी?”

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवलेली बाई. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी हात धरून अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. सुनेला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण हा माणूस समोर होता, मागे आणखी दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती, आणि आताच तिची एवढी वाखाणणी झाली होती.

“होतं असं, आई,” ती म्हणाली. “घाईत शेजारचं बटण दाबलं गेलं असेल.”

बोलली आणि आपल्याच तोंडाची तिला किळस आली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण शब्द निघून गेला होता.

सासूबाई वाद घालतील, असं तिला वाटलं होतं. निदान रागावतील. त्या नुसत्या फोनकडे बघत राहिल्या. “असेल बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल. तुझंच लिहिलेलं, तुला ठाऊक. माझंच डोकं चालेनासं झालंय.” मग त्यांनी दुरुस्तीवाल्याचीही माफी मागितली, उगाच तुमचा वेळ घेतला म्हणून.

सुनेने फोन पर्समध्ये ठेवला. घरी गेल्यावर सांगू, असं तिने स्वतःला बजावलं, आणि आपण सांगणार नाही हेही तिला त्याच क्षणी कळलं.

दोघी निघाल्या. दुकानाच्या काचेच्या दारावर ठळक अक्षरांत एक शब्द चिकटवला होता. सासूबाईंनी दाराला हात लावला, शब्दाकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

“काय लिहिलंय गं हे? तूच वाच.”

“ढकला,” सून म्हणाली.

“नक्की ना?”