बाळाच्या खोलीतला दिवा

बाळाच्या खोलीतला दिवा मोबाइलवरून बंद होईना. आत जाऊन बटण दाबावं, तर खट् आवाजानं बाळ टक्क जागं.

वायरमन म्हणाला, “ताई, मोबाइलचा हुकूम घरातल्या वायरींतूनच दिव्यापर्यंत जातो. कुठला तरी चार्जर मध्ये गोंधळ घालतोय. एकेक प्लग काढून बघा.”

सगळे काढले, तरी दिवा ढिम्म. राहिली सासूबाईंची खोली.

“माझ्याकडे काही नाही हं!” त्या दारातच आडव्या. “तुझंच बाई जगावेगळं. सारखी पाळण्यात डोकावतेस. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?”

तरी आत शिरून पाहिलं. पलंगाखाली एक छोटा स्पीकर सापडला. त्याचा प्लग काढून मोबाइल दाबला, तर दिवा शहाण्यासारखा विझला.

सासूबाई मात्र कळवळल्या, “अगं, लाव परत! पाळण्याखाली माइक ठेवलाय मी. बाळाचा श्वास ऐकू येईना मला!”