लॉक

फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये मुरलीधरने गौरींपुढे देखावा मांडला होता. फिरत्या चकतीवर दोन कापडी बाहुल्या हात धरून फुगडी खेळत होत्या. पण मोटर अशी भरधाव सुटली की त्यांचे पदरच उडाले.

"यार मुरली, फुगडी आहे की मिक्सर?" त्याची बायको साधना हसत सुटली.

मुरलीधर गिअरच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याला ते झोंबलं. त्याने मध्ये गिअरबॉक्स बसवला. आता मोटर तशीच पळायची, पण चकती संथ फिरायची. मोटर बंद असली की चकती हाताने ढकलूनही हलत नसे.

"बिल्कुल लॉक!" तो प्रत्येकाला सांगायचा.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला घर भरलं. बायकांच्या फुगड्या रंगल्या.

"तुमच्या बाहुल्या आजीबाई झाल्यात भावजी," शेजारच्या अश्लेषाने चिडवलं.

मुरलीधरने हसत मोटरचा प्लग काढला आणि तिथे गाण्यांचा स्पीकर लावला.

थोड्या वेळाने टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा मुरली! आता कसा वेग दिलास!" साधना ओरडली. बाहुल्यांचे पदर उडत होते, सगळ्याजणी त्यांच्याभोवती नाचत होत्या.

मोटरचा प्लग जमिनीवरच पडला होता. मुरलीधरने वाकून चकतीला हात लावला.

चकती गच्च लॉक होती. तिच्यावर बाहुल्या फिरत होत्या.