झोत

न विचारता माहेरी फोन लावला म्हणून शिवप्रकाशनं बायकोचं, शिवम्माचं तोंड उंबऱ्यावर आपटलं आणि तिचे समोरचे दोन दात जागीच तुटले.

दुसऱ्या दिवशी सेलूच्या दवाखान्यात ती खाली मान घालून खुर्चीत बसली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावर बांधलेला दिवा लावला, तसा झोत तोंडभर पसरला आणि शिवम्माचे डोळे दिपले. उजेडाआडून आवाज आला, "कशानं झालं हे?"

"न्हाणीत पाय घसरला, मॅडम."

"खोटं बोलू नका. गळ्यावर बोटं उठलीत. किती दिवस मार खाणार? आजच पोलिसांत जा!"

शिवम्मानं मान मागं टेकवून तोंड उघडलं. शिकल्या-सवरल्या बाईला हे काय कळणार?

तुटक्या दातांवर नेमका उजेड पडावा म्हणून मॅडमनी दिव्याची कडी फिरवली. झोत आवळून रुपयाएवढा झाला, डोळ्यांवरून उतरून तोंडात शिरला, आणि वीतभर अंतरावरचा मॅडमचा चेहरा शिवम्माला पहिल्यांदाच दिसला. मास्कच्या वर, पावडरच्या थराखाली, डावा डोळा सुजून काळानिळा पडला होता.

शिवम्मानं रक्ताची चूळ थुंकली आणि हळूच विचारलं,



"मॅडम, तुमी बी न्हाणीतच पडल्या का?"