बिनआवाजाची चाचणी

गाड्यांच्या साउंड स्पर्धेत ॲम्प्लिफायरची ताकद मोजताना स्पीकर काढून त्यांच्या जागी एक जाळीची पेटी जोडतात. मग कितीही मोठ्याने लावा, बाहेर चकार शब्द येत नाही. सगळा आवाज त्या पेटीत उष्णता होऊन जिरतो आणि मीटरचा काटा तेवढा चढतो.

गेल्या वर्षीचा विजेता आला, तेव्हा मीटरवाले मामा सावरून बसले. त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. काटा जेमतेम थरथरला, थांबला, परत थरथरला.

"गेल्या वर्षी माझा काटा वाकवलास आणि आज हे काय? काटा चढायला सगळे लावतात तशी सलग शिट्टी लाव बाबा, नाहीतर पहिल्याच फेरीत घरी जाशील."

"जातो, मामा. पण एकदा परत लावू द्या."

त्याने पेटीवर तळहात टेकवला होता.

"हात काढ, भाजेल."

"नाही भाजत. कोमट आहे."

"अरे, पण आहे काय त्यात?"

 

 

"लेक गेली ना, त्याच्या आधी बोलली होती, ते आहे. मला ऐकवत नाही हो. म्हटलं, निदान हाताला तरी लागते का बघावं."