आजोबांची गोल फ्रेम

चष्मेवाल्याने काड्या गरम करून वाकवल्या, त्याच्या कानांवर नीट बसवल्या आणि आरसा पुढे सरकवला.

“अस्सल ॲसिटेटची फ्रेम आहे. पॉलिश मारलं आणि बघा कशी उजळली! अजून दोन पिढ्या सहज काढेल.”

आरशात आजोबा होते. भिंतीवरच्या फोटोतले, डिट्टो. तेच नाक, त्याच जाड भुवया, तीच मधाच्या रंगाची गोल फ्रेम. आजोबा त्याच्या जन्माआधीच गेले होते. पण आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्यांचा चष्मा कपाटाच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवला होता. कुणाला हात लावू देत नसत. केवढी ही बापावरची माया, असं सगळे म्हणायचे. त्याला चाळिशी लागली तेव्हा हाच चष्मा आठवला. नव्या काचा बसवू, आप्पांनाही बरं वाटेल.

आप्पांना बरं वाटावं असं आता फारसं काही उरलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेले. माणसं ओळखत नव्हते, बोलणं तर केव्हाच थांबलेलं. भरवलं तर खायचे, नाहीतर छताकडे बघत पडायचे.

घरी येताच तो खाटेवर वाकला.

“आप्पा, बघा तरी कोण आलंय!”

आप्पांनी डोळे उघडले. एकटक पाहत राहिले. ओळखलं! त्याला हसू फुटलं.

तेवढ्यात आप्पा अंग चोरून भिंतीकडे सरकले. दोन्ही हात डोक्यावर.

“बाबा, पट्टा नको. परत नाही करणार. खरंच नाही करणार.”

ज्या माणसाने त्याला उभ्या जन्मात साधी चापट मारली नाही, तो त्याच्यापुढे लटलट कापत होता. चष्मा काढून टाकावा म्हणून त्याने हात उचलला, तर आप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले.

हात तसाच अधांतरी राहिला. मग सावकाश खाली आला. चष्मा त्याने नाकावरच राहू दिला आणि खाटेच्या कडेला टेकला.

“माझं चुकलं रे, बाळा,” तो म्हणाला. “आता तुला कधीच नाही मारणार.”

आप्पांनी हात जरासे खाली घेतले. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं,

“आणि आईला?”