सिलेंडरची शिकवणी

उत्तमरावांची उद्या ठाण्याला बायपास होती, म्हणून आज त्यांनी बायकोला घरगुती संकटांचं शिक्षण द्यायला घेतलं. मेन स्विच झाला, पाण्याचा व्हॉल्व्ह झाला, मग गॅस सिलेंडर आला. “लक्ष दे, मालन. मी नसलो तर… म्हणजे हॉस्पिटलात असलो तर कोण बदलणार?” मालनबाई मान डोलावत होत्या. उत्तमराव सेकंड शिफ्टला असताना बाईंनी कितीतरी सिलेंडर स्वतःच बदलले होते, साबणाचा फेस लावून गळतीही तपासली होती. नवऱ्याचा मान राहावा म्हणून श्रेय मात्र शेजारच्या महेंद्रला दिलं होतं. “आता तू लाव.” मालनबाईंनी रेग्युलेटर उचलला, थोडी खटपट केली आणि होईल तितका तिरका बसवला. “अगं, असा नाही! एवढं साधं जमेना तुला?” “नाही जमत,” त्या म्हणाल्या. “घरी आलात की पुन्हा शिकवा. मला बरीच वर्षं लागतील.”